पाण्याच्या कडेने : सिरपूर तलावाबद्दल वाचकांचे प्रश्न

थंडी सुरू झाली की या सदरात सिरपूरची पत्रं वाढतात. यंदा एकच प्रश्न चौघांनी विचारला असेल तिथे उत्तर एकदाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी थोडक्यात: सिरपूर म्हणजे इंदूरच्या धार रोडवरचा, होळकरांच्या राजवटीत बांधलेला आणि आता महापालिकेच्या देखरेखीखाली असलेला १६१ हेक्टरचा तलाव. लोक त्याला पक्षी विहार म्हणूनही ओळखतात. २०२२ साली त्याला रामसर पाणथळीचा, म्हणजे रामसर कराराखालच्या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, यशवंत सागरलाही त्याच वर्षी. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही ‘पाणथळ शहर’ म्हणून मान्यता मिळालेली देशातली पहिली दोन शहरं ठरली. पण हे मानपान येण्याच्या कितीतरी आधीपासून भालू मोंढे आणि त्यांच्या ‘नेचर व्हॉलंटिअर्स’ या स्वयंसेवी संस्थेची मंडळी हा तलाव राखत आली. मोंढ्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. एवढी ओळख पुरे, आता प्रश्नांकडे वळू.

प्रश्न : डिसेंबरअखेर पुण्याहून बहीण, मेहुणे आणि मुलं येणार आहेत. सकाळचे दोन-अडीच तास हातात आहेत. सिरपूर, रीजनल पार्क की राळामंडळ? (सुदामा नगर)

तिन्ही ठिकाणं वेगळ्या कामाची आहेत. मुलांना बोटीत बसायचंय, कारंजी बघायची आहेत, तर पिपलियापाल्याचं रीजनल पार्क. पाय मोकळे करायचे, चढ चढायचा आणि माथ्यावरची होळकरांची शिकारकोठी बघायची, तर राळामंडळ. ते वन विभागाचं अभयारण्य आहे, बाग नव्हे, हे लक्षात ठेवून जा. पक्षी बघायचे असतील तर मात्र सिरपूरच. मोठे करकोचे आणि सारस यांचीच हौस असेल तर हातोदजवळ गंभीर नदीवरचा यशवंत सागर आहे, पण तो सुमारे ८२३ हेक्टरचा. तिथे पक्षी लांब बसतात आणि अडीच तास जाण्यायेण्यातच संपतात.

सुदामा नगरहून रिंग रोडने फूटी कोठीवरून चंदन नगर चौक गाठा आणि धार रोडला वळा. राजवाड्याकडून येणाऱ्यांना गंगवाल बस स्टँडवरून सरळ धार रोड. डिसेंबरअखेर इंदुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तुम्ही फाटकाशी सूर्योदयाला असायला हवं, घरातून तेव्हा निघून उपयोग नाही. साडेनऊनंतर ऊन चढतं, पाणी चकाकायला लागतं आणि पक्षी मध्यभागी जाऊन झोपतात. पाहुण्यांना पोहे-जिलबी परतताना खिलवा. जाताना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत थांबलात की सकाळ गेली म्हणून समजा.

एक बारकावा बहुतेकांकडून राहून जातो. सकाळी तलावाच्या पूर्वेच्या बाजूला उभं राहून पश्चिमेकडे बघावं, संध्याकाळी उलट. ऊन पाठीवर असलं की पक्ष्याचे रंग दिसतात. तोंडावर असलं की सगळी बदकं काळ्या ठोकळ्यांसारखी दिसतात आणि मुलं दहा मिनिटांत मोबाइल काढतात.

प्रश्न : यंदा पाऊस छान झाला, तलाव काठोकाठ भरला. तरी बदकं गेल्या वर्षीपेक्षा कमी दिसली. पाणी घाण झालंय का? (राजेंद्र नगर, वैशाली नगर, लोकमान्य नगर आणि धार इथून चार पत्रं)

तलाव काठोकाठ भरला म्हणूनच बदकं कमी दिसली, असं उत्तर दिलं तर विचित्र वाटेल, पण बहुतेक वर्षी तेच खरं असतं.

सिरपूर उथळ आहे. भर पावसाळ्यातही त्याची खोली जास्तीत जास्त दोन मीटर, म्हणजे पुरुषभर पाण्याहून थोडी जास्त. अशा तलावात कोणता पक्षी कुठे बसेल हे खोली ठरवते. घोट्याएवढ्या पाण्यात आणि ओल्या चिखलात तुतवार, शेकाट्या, टिटव्या. पिंडरीएवढ्या पाण्यात चित्रबलाक, बगळे, चमचे. गुडघ्याच्या आतबाहेर ती बदकं, जी शेपूट वर करून नुसती मान आत घालतात: तलवार बदक, चक्रांग, हळदी-कुंकू बदक. त्यांची मान जेमतेम हातभर खाली पोचते. तळाचं अन्न त्याहून खोल गेलं की त्यांच्यासाठी ते नसल्यासारखंच. कमरेपासून पुढच्या पाण्यात बुडी मारणारी लालसरी, पाणकावळे, टिबुकल्या.

आता तलाव तुडुंब भरला की पहिल्या तीन पट्ट्या गवताखाली किंवा पाळीच्या दगडांशी जातात. उरते फक्त शेवटची पट्टी. पाळीवरून तलाव सुंदर दिसतो, फोटो छान येतो, पण तीन पंगतींचं जेवण बंद झालेलं असतं.

दुसरं कारण तलावाच्या बाहेरचं आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी माळव्यातल्या गावोगावच्या तळ्यांत, खाणींच्या खड्ड्यांत, शेततळ्यांत पाणी असतं. उत्तरेकडून आलेली बदकं तिथे विखुरतात. पाऊस कमी झाला की तीच बदकं मोजक्या तलावांवर गोळा होतात आणि आपल्याला वाटतं, यंदा काय गर्दी! एका तलावावरच्या आकड्यावरून बदकं वाढली की घटली हे सांगता येत नाही. म्हणून जानेवारीतली पाणपक्षी गणना एकाच पंधरवड्यात अनेक तलावांवर करतात.

थोडं थांबा. पाणी उतरू लागलं की चित्र पालटतं. पाळीच्या दगडांवर पाण्याने सोडलेली फिकट पट्टी दिसते, ती बघायची सवय लावा. पट्टी वीतभर रुंद झाली की उथळ बाजूला केवढा चिखल उघडा पडतो याचा हिशोब असा: उतार शंभर मीटरला एक मीटर असेल, तर पाणी २० सेंटिमीटर खाली गेल्यावर कड २० मीटर आत सरकते. म्हणजे पाळीवर वीतभर फरक आणि पलीकडे बॅडमिंटनच्या कोर्टापेक्षा लांब नवा काठ. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत सिरपूर पक्ष्यांनी सर्वात भरलेलं दिसतं ते यामुळेच.

घाणीबद्दल. पक्षी कमी म्हणजे पाणी घाण, हे जसं नेहमी खरं नाही, तसं पक्षी भरपूर म्हणजे पाणी स्वच्छ, हेही नाही. सांडपाण्याने पोसलेल्या पाण्यात किडे आणि शेवाळ वाढतं आणि थापट्या, शेकाट्या यांची तिथे चंगळ होते. पाण्याची तब्येत बघायची तर एप्रिल-मेमध्ये पहाटे जा. पाणी मुगाच्या वरणासारखं हिरवं असेल आणि मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून असतील, तर प्राणवायू संपत आलाय. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो वापरतं, म्हणून सर्वात वाईट वेळ सूर्योदयाच्या आधीची. दुपारी तोच तलाव ठीकठाक वाटतो. पहिल्या जोरदार पावसानंतर मेलेले मासे तरंगताना दिसतात तेही बहुधा याच कारणाने: नाल्यांत साचलेली घाण एकदम आत येते, कुजायला लागते आणि उरलासुरला प्राणवायू खाते.

प्रश्न : नातू दहा वर्षांचा आहे. दुर्बीण द्यायची आहे. दुकानदार २०×५० घ्या म्हणतो, लांबचं दिसतं म्हणे. (टिळक नगर)

घेऊ नका. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वीस पट मोठं दिसतं तसा हाताचा कंपही वीस पट मोठा दिसतो. तिकाटण्याशिवाय (ट्रायपॉडशिवाय) ती दुर्बीण चालत नाही आणि चालत्या बदकाला त्यात पकडणं मोठ्यांनाही जमत नाही. शिवाय ५० ला २० ने भागलं की अडीच. डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा झोत जेमतेम अडीच मिलिमीटरचा, त्यामुळे पहाटे आणि ढगाळ दिवशी अंधारं दिसतं. ८×४२ मध्ये हाच झोत सव्वापाच मिलिमीटर येतो. मोठ्यांसाठी तीच घ्यावी. दहा वर्षांच्या मुलाला ८×३२ हलकी पडते आणि गळ्यात लटकवून तो कुरकुरत नाही.

दुकानात तीन गोष्टी बघा. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या काचेत दिसणारं प्रकाशाचं वर्तुळ बघा. ते गोल हवं. कडा चौकोनी छाटल्यासारख्या दिसल्या तर आतले लोलक हलके आहेत. पुढची भिंगं लालभडक चमकत असतील तर ती शोभेची दुर्बीण. आणि ‘झूम’ असलेली, कितीही स्वस्त मिळाली तरी, परत ठेवा.

घरी आणल्यावर ती डोळ्याला लावून न देता दिलीत तर नातू दोन दिवसांत ती कपाटात टाकेल. पहिल्यांदा मधल्या बिजागरीवर दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक होईपर्यंत बसवा. मग तीसेक मीटरवरची एखादी पाटी निवडा. उजव्या नळीवर तळहात ठेवा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं ठसठशीत करा. आता चाकाला हात न लावता तळहात डाव्या नळीवर ठेवा आणि उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवून तीच अक्षरं साफ करा. कड्यावर पेनाने खूण करून ठेवा. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली दुमडा किंवा फिरवून आत घ्या, नाहीतर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं.

आणि पक्षी शोधताना दुर्बीण डोळ्याला लावून फिरवायची नाही. नजर पक्ष्यावर रोखून ठेवायची आणि दुर्बीण तशीच उचलून डोळ्यांपुढे आणायची. हे एका सकाळीत जमतं.

प्रश्न : तलावात काळी, पांढऱ्या चोचीची शेकडो बदकं होती. नाव काय? (उषा नगर)

ते बदक नव्हे, वारकरी. कपाळावरचा पांढरा टिळा बघितला की नाव कशावरून पडलं ते सांगावं लागत नाही. काही जण चांदवाही म्हणतात. पोहताना दर हिसक्याला मान पुढेमागे जाते. बदकाची मान अशी हलत नाही. हिवाळ्यात सिरपूरवर काळा ठिपका दिसला की आधी वारकरी समजा आणि मग ‘नाही’ म्हणायचं कारण शोधा.

बदकं ओळखताना सुरुवात डोक्यापासून न करता मागच्या बाजूने करा. शेपूट पाण्याच्या वर उचललेली आणि अंग हलकं तरंगतंय, तर वरवर चरणारं बदक. शेपूट पाण्याला टेकलेली आणि अंग पाण्यात बसल्यासारखं, तर बुडी मारणारं. अर्धी यादी तिथेच गळते. मग चोच. फावड्यासारखी रुंद चोच थापट्याची. ही मंडळी कधी कधी डझनभर मिळून गोल गोल फिरतात, पाणी ढवळलं जातं आणि वर आलेलं खाद्य चोचीने गाळून घेतात. हा गरगरता घोळका दिसला तर पाच मिनिटं तिथेच उभे राहा. काळ्या चोचीला पिवळं टोक आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके म्हणजे हळदी-कुंकू बदक, बारमाही राहणारं. तांबूस डोकं, काळी छाती, राखाडी पाठ म्हणजे छोटी लालसरी, नर. जगभरात तिची संख्या घटतेय आणि ती धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. सिरपूरच्या रामसर नोंदीत तिचा मुद्दाम उल्लेख आहे, म्हणून दिसली तर आकडा टिपून ठेवा.

प्रश्न : मुलं सोबत शेव नेतात, पक्ष्यांना आणि माशांना घालतात. काय बिघडतं? (छत्रीबाग)

इंदूरकराकडून शेव काढून घेणं अवघड, पण तलावाशी ती पिशवीतच राहू द्या. मीठ, तेल आणि तिखट हे बदकाचं खाणं नाही, ही गोष्ट एक. जास्त मोठी गोष्ट ही की न खाल्लेलं तळाशी जाऊन कुजतं आणि वर सांगितलेला प्राणवायूचा हिशोब बिघडवतं. वाहत्या नदीत थोडं खपून जातं. सिरपूर उभ्या पाण्याचा उथळ तलाव आहे, तिथे टाकलेलं तिथेच राहतं. तिसरं, खाणं पडतं तिथे कावळे आणि भटकी कुत्री जमतात आणि हीच कुत्री पुढे विणीच्या हंगामात काठावरची टिटव्यांची अंडी फस्त करतात. कणकेच्या गोळ्यांनाही हेच लागू.

प्रश्न : आमच्या मंडळाचे वीस जण रविवारी येऊन जलपर्णी काढायला तयार आहेत. कसं करावं? (नाव नको, अन्नपूर्णा रोड)

तुमच्या उत्साहाला धक्का न लावता सांगायचं तर या कामात वीस जणांचा एक रविवार फुकट जाण्याचीच शक्यता जास्त. कसा फुकट जातो ते सांगतो, म्हणजे तुमचा जाणार नाही.

जलपर्णीचं नव्वद टक्क्यांहून अधिक वजन पाण्याचं असतं. त्यामुळे दुपारपर्यंत कंबर मोडते आणि ढीग तेवढाच दिसतो. मग तो ढीग काठावरच टाकून सगळे घरी जातात. ढिगातला रस पाण्यात उतरतो, पहिल्या पावसात उरलेली रोपं परत आत तरंगतात. तोडलेल्या तुकड्यातूनही नवं रोप होतं. आणि फुलं येऊन गेली असतील तर बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

हंगाम निवडा. जुलै ते सप्टेंबर पाणकोंबड्या आणि कमळपक्षी याच पानांवर घरटी करतात, तेव्हा हात लावायचा नाही. नोव्हेंबर ते मार्च पाहुणी बदकं असतात, पाण्यात शिरलात तर सगळा तलाव उडतो. उरतात एप्रिल, मे आणि जूनचा पहिला आठवडा. तेव्हा पाणी उतरलेलं असतं, कडेची जलपर्णी चिखलावर अडकलेली असते आणि ती जवळजवळ कोरड्या पायांनी गोळा होते.

महापालिकेची लेखी परवानगी आधी घ्या आणि ढीग उचलायला गाडी कुठल्या दिवशी येणार ते त्याच पत्रात लिहून घ्या. गाडी ठरली नसेल तर काम पुढे ढकला. वीस जणांचे तीन गट करा: सहा जण आकडी लावलेल्या लांब बांबूंनी ओढणारे, दहा जण वाहून नेणारे, चार जण ढीग पसरणारे. ढीग पाण्यापासून दूर आणि पाळीच्या पलीकडच्या उतारावर, वीतभर जाडीचाच पसरा. उन्हात आठ-दहा दिवसांत तो वाळून कागदासारखा होतो आणि उचलायला हलका पडतो. पाण्यात उतरू नका. सिरपूरच्या तळाला गाळ आहे, गुडघाभर पाण्यात पाय गुडघाभर आणखी रुततो आणि तो ओढून काढताना माणूस तोंडावर पडतो. अनवाणी तर मुळीच नाही, काचा असतात.

काठावरची बेशरम काढायची असेल तर ती कापायची नाही. कापलेली फांदी चिखलात पडली की रुजते. मुळासकट उपटायची आणि मुळं वर करून दगडांवर वाळवायची.

एवढं केलंत तरी सांडपाणी येत राहिलं तर जलपर्णी परतते. तिला खत तिथूनच मिळतं.

प्रश्न : वय ७२, गुडघे दुखतात. पायवाट झेपेल का? (रामबाग)

झेपेल, फेरी मारायचा हट्ट नसेल तर. तलावाला पूर्ण वळसा घालायला निघालात की मध्यावर दुखलं तरी तेवढंच अंतर पुढे उरतं. म्हणून एकाच वाटेने जा आणि त्याच वाटेने परत या. घड्याळ लावून पंधरा मिनिटं चाला, जिथे पोचाल तिथे बसा, अर्धा तास बघा, परत फिरा. काठीला खालून रबराची टोपी असू द्या. हिवाळ्यात सकाळी दगड आणि फरशी दवाने ओली असते, घसरतात ते तिथेच. मधुमेह असेल तर खिशात दोन खडीसाखरेचे खडे. घरच्यांना ‘आजोबा, झालं का’ असं विचारणारा नातू सोबत न देता, शांत बसणारा द्यायला सांगा.

प्रश्न : सहावीच्या ४० मुलांची सहल न्यायची आहे. (एक शिक्षिका)

बाई, चाळीस मुलं एकत्र पाळीवर चढली की त्यांना एकच पक्षी दिसेल, तो म्हणजे उडालेला. दहा-दहाचे चार गट करा, प्रत्येकासोबत एक मोठं माणूस, आणि दोन गटांमध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेवून सोडा. पांढरा गणवेश लांबून चमकतो, वरून गडद स्वेटर घालायला सांगा. नव्वद मिनिटं पुरे, त्यानंतर भूक बोलते.

मुलांना काम द्या. मोजणी सर्वात चांगली. रीत अशी: थव्यातली दहा बदकं एकेक करून मोजा. दहा बदकांनी केवढी जागा घेतली ते डोळ्यात बसवा. मग डावीकडून उजवीकडे तेवढ्या जागेचे तुकडे पाडत जा, दहा, वीस, तीस. दोन मुलांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडे नंतर ताडायचे. फरक दुपटीचा आला तर पुन्हा मोजायचं. नवशिके नेहमी कमी मोजतात, कारण मागच्या रांगेतले पक्षी पुढच्यांनी झाकलेले असतात. बुडी मारणारे असतील तर मिनिटभर थांबून मोजा, एका वेळी निम्मे पाण्याखाली असू शकतात.

डबा तलावावर उघडू नका. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या शहरातली मुलं आहेत, पण वेफरचं पाकीट वाऱ्याने उडालं की कचऱ्याचा डबा कुठे ठेवलाय याने फरक पडत नाही.

प्रश्न : साप आणि मधमाश्या यांची भीती वाटते. (दोन पत्रं)

पाण्यात डोकं वर काढून पोहणारा, अंगावर चौकटी असलेला साप बहुधा दिवड. बिनविषारी, पण डिवचला तर चावतो. काठावरच्या गवतात मात्र नाग, घोणस असू शकतात, म्हणून पायवाट सोडायची नाही आणि दगडांच्या फटीत हात घालायचा नाही. चावलाच तर आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, अंगठी-कडं काढून घ्या, १०८ ला फोन करा आणि एम. वाय. सारखं मोठं सरकारी रुग्णालय गाठा. सापाला पकडून न्यायची गरज नाही.

आग्या मोहोळ मोठ्या झाडांवर असतं. अत्तर, धूर आणि दगड या तीन गोष्टी टाळल्या तर माश्या त्यांच्या वाटेने, तुम्ही तुमच्या. उठल्याच तर हात झाडू नका. तोंड झाकून सरळ पळा आणि गाडीत किंवा खोलीत शिरून दार लावा. तलावात उडी हा सिनेमातला उपाय. माश्या वर घिरट्या घालत थांबतात आणि खाली गाळ असतो. काटे नखाने खरवडून लगेच काढा, कसे काढले यापेक्षा किती लवकर काढले हे महत्त्वाचं. श्वास लागला, ओठ सुजले किंवा डंख बरेच असतील तर घरगुती लेप विसरा आणि रुग्णालयात जा.

प्रश्न : दीड दिवसाच्या गणपतीची छोटी शाडूची मूर्ती तलावात विसर्जित केली तर चालेल ना? (राजेंद्र नगर)

नाही. शाडू विरघळत नाही, सुटा होऊन तळाशी बसतो, आणि उथळ तलावात गाळ हीच मोठी अडचण आहे. वीतभर मूर्तीला घरची बादली पुरते. मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या, रात्रभरात माती सुटते, वरचं पाणी झाडांना, खालची माती कुंडीत किंवा पुढच्या वर्षीच्या मूर्तीला. निर्माल्याचं खत होतं, त्यातला दोरा आणि जरी आधी काढा.

प्रश्न : जानेवारीत ‘लांब शेपटीचा कमळपक्षी’ दाखवला, पण शेपूट कुठेच नव्हती. दाखवणाऱ्याची चूक झाली का? (धार)

चूक नाही. ती शेपूट विणीच्या हंगामापुरती असते. हिवाळ्यात पक्षी वरून तपकिरी, खालून पांढरा, छातीवर काळपट पट्टा आणि शेपूट आखूड. ओळखायचा तो बोटांवरून. पायाची बोटं आणि नखं इतकी लांब की वजन पसरतं आणि तो तरंगत्या पानावर चालतो, पान जेमतेम दबतं. उडाला की पांढरेशुभ्र पंख दिसतात आणि खाली लोंबणारे पाय.

जुलैच्या शेवटी ते ऑगस्टमध्ये पुन्हा जा. तेव्हा मानेमागे सोनेरी पट्टा, अंग चॉकलेटी आणि शेपटीची पिसं कमानीसारखी लांब. घरटं म्हणजे पानांवरचा ओल्या पाणवनस्पतींचा थर, त्यावर गडद तपकिरी, गुळगुळीत अंडी. उबवणारा नर असतो. मादी पुढच्या नराकडे गेलेली असते. काळी माती तेव्हा बुटाला किलोकिलोने चिकटते, म्हणून खाचा कमी असलेल्या तळव्याचे गमबूट घाला, पाळीवरच थांबा, आणि दुर्बिणीची काच पुसायला कोरडा सुती रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.